मुक्ताला पाठीशी बांधून

रत्नागिरीहून परत आल्यापासून सोलापुरात जो भेटेल तो विचारतो, समुद्र पाहिलास का, हापूस खाल्लास का? समुद्र पाहिला. आंबा नाही खाल्ला. पौषात तिकडं झाडाला नुसता मोहोर असतो, हे मलाही गेल्यावरच कळलं. पण मी ना समुद्रासाठी गेलो होतो, ना आंब्यासाठी. वर्षाच्या आमच्या मुलीला, मुक्ताला, तिच्या आईकडे पोचवायला गेलो होतो.

आधी घरचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी सोलापुरात चादरींच्या दुकानात विक्रीचं काम बघतो. माझी बायको सुनंदा नर्स आहे. लग्नाआधीपासून ती सरकारी नोकरीसाठी अर्ज करत होती. शेवटी हुकूम आला तेव्हा मुक्ता सात महिन्यांची होती आणि गाव होतं पावसजवळचं, रत्नागिरी जिल्ह्यातलं. हजर झालं नाही तर जागा जाणार. तिथं राहायला खोली मिळेपर्यंत मुक्ताला माझ्या आईजवळ ठेवायचं ठरलं आणि सुनंदा एकटी गेली. खोली मिळायला थंडी उजाडली. मधे ती एकदाच, दोन दिवसांसाठी येऊन गेली. दिवाळीनंतर तिनं कळवलं, मुक्ताला घेऊन ये, पोरीवाचून मला राहवत नाही. माझी आई म्हणाली, एवढ्याशा पोरीला घेऊन बाप्या माणूस घाट उतरणार, हसतील लोक. मी दुकानातून रजा घेतली आणि निघालो.

आंबा घाट

कोल्हापूरपर्यंत मुक्ता शहाण्यासारखी आली. पुढं मात्र तिनं सूर लावला तो थांबेचना. खांद्यावर घेतलं की मांडी हवी, मांडीवर घेतलं की खिडकी हवी. आमच्याकडे मूल कडेवर घेतात, आणि ते बायकांना जमतं. मला कंबरच नाही, त्यामुळे माझ्या कडेवरून ती घसरत खाली यायची. मलकापूर मागं पडलं तेव्हा माझे दोन्ही हात बधिर झाले होते.

घाटाच्या तोंडाशी गाडी तापली. ड्रायव्हरनं सगळ्यांना खाली उतरवलं आणि तो डबा घेऊन पाण्याच्या शोधात गेला. समोर दरी, खाली धुक्यात बुडालेलं हिरवंगार कोकण. एरवी मी तासभर बघत राहिलो असतो. पण मुक्ता अशी रडत होती की लोक दरी सोडून माझ्याकडेच बघत होते.

आमच्याच गाडीत एक धनगरीण होती. खालच्या धनगरवाड्यावर माहेरी चालली होती. डोक्यावर बोचकं, हातात तुपाची किटली, आणि पाठीवर लुगड्यात बांधलेला दीड वर्षाचा मुलगा गाढ झोपलेला. ती थोडा वेळ माझी धडपड बघत राहिली, मग किटली खाली ठेवून जवळ आली.

"दादा, असं हातावर कुठवर न्याल? तुमी कावलाव की ती बी कावती," ती म्हणाली. "जुनेर हाय का एखादं?"

आईनं मुक्ताला खाली अंथरायला म्हणून आपलं एक जुनं, मऊ झालेलं लुगडं पिशवीत घातलं होतं. ते काढून दिलं. तिनं त्याची घडी घातली, मला वाकायला लावलं आणि मुक्ताला माझ्या पाठीवर बसवलं, दोन्ही पाय कमरेच्या दोन बाजूंना. मग वरून लुगडं घेतलं. एक टोक खांद्यावरून, दुसरं काखेखालून पुढं आणलं आणि माझ्या छातीवर गाठ मारली. मी ताठ उभा राहिल्याबरोबर मुक्ता सरकली. तिनं हसून गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. या वेळी लुगड्याचा खालचा काठ मुक्ताच्या बुडाखालून घेऊन पार गुडघ्यापर्यंत ओढला.

"बूड खाली, गुडगं वर," ती म्हणाली. "तोंड मोकळं ठेवायचं, नाक दाबायचं न्हाई. दुसरं काय न्हाई त्याच्यात."

माझ्याकडून एकदा सोडून बांधून घेतलं, वेळ लागला तरी मधे हात घातला नाही. मग किटली उचलून ती पायवाटेनं दरीत उतरून गेली, गाडीची वाट न बघता. तिचं नाव विचारायचं राहिलं.

मुक्ता रडायची थांबली होती. तिची हनुवटी माझ्या खांद्यावर होती आणि माझ्याबरोबर तीही दरी बघत होती. मी इकडून तिकडे चालू लागलो. थोड्या वेळानं मानेवर तिचा गरम श्वास एकसारखा लागायला लागला. गाडी सुटली तेव्हा ती झोपलेली होती, म्हणून मी बसलोच नाही. वरचा दांडा धरून साखरप्यापर्यंत उभाच आलो. एक म्हातारे गृहस्थ कौतुकानं विचारत होते, पोरीची आई कुठं आहे? मी म्हटलं, तिच्याकडेच चाललोय. मग त्यांनी गाडीतल्या सगळ्यांना ते सांगितलं, आणि हातखंब्यापर्यंत बायका मला भाजलेल्या शेंगा नि काजू पुरवत राहिल्या.

रत्नागिरीचा स्टँड

सुनंदा दुपारपासून येऊन थांबली होती. पाठीवर मूल बांधलेला मी गाडीतून उतरलो तेव्हा ती आधी हसली. मग घाईनं माझ्या मागं गेली.

मुक्ता जागी झाली होती. सुनंदानं तिला हाक मारली. मला दिसत नव्हतं, पण मानेवर कळलं. मुक्तानं तोंड फिरवलं आणि गाल माझ्या दुसऱ्या खांद्याला लावला. सुनंदा त्या बाजूला आली. मुक्तानं पुन्हा तोंड फिरवलं. तिसऱ्या वेळी सुनंदा गेली नाही. पुढं येऊन तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली.

"ओळखलं नाही तिनं," ती म्हणाली.

मी म्हटलं, प्रवासानं पेंगुळली आहे, उद्या बघ.

"मी नर्स आहे," सुनंदा म्हणाली. "पेंगुळलेलं पोर कुठलं आणि न ओळखणारं कुठलं, एवढं मला कळतं."

पावसच्या गाडीत ती माझ्या शेजारी बसली होती. सगळ्या वाटेत तिनं मुक्ताला हात लावला नाही. फक्त एकदा गाडी उसळली तेव्हा मुक्ताचं डोकं खिडकीवर आपटू नये म्हणून मधे तळहात धरला, आणि मग तो तिथंच ठेवला.

पावसच्या अलीकडे

सुनंदाची खोली पावसच्या अलीकडे एका वाडीत, भागीरथीकाकींच्या घरात आहे. घर जांभ्या दगडाचं, तांबडंलाल, वर कौलं. काकींचे यजमान मुंबईला गिरणीत होते. संपात गिरणी बंद पडल्यापासून तिकडंच कुठंतरी पहारेकरी आहेत आणि गणपती-शिमग्याला घरी येतात. घर, आंब्याची चार कलमं नि एक म्हैस काकी एकट्या सांभाळतात. आमच्याकडे खळं म्हणजे मळणीची जागा. इथं अंगणालाच खळं म्हणतात, आणि ते इतकं गुळगुळीत सारवलेलं की मुक्ता पहिल्या दिवसापासून त्यावर रांगायला लागली.

पहिल्या रात्री जेवायला तांबड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी, भाजलेलं सुकट आणि सोलकढी होती. सुकटाच्या वासानं मी जरा मागं सरकलो ते काकींच्या नजरेतून सुटलं नाही. मी सोलापूरहून कडक भाकरी आणि शेंगांची चटणी नेली होती. काकींनी भाकरीचा तुकडा मोडून बघितला, वाजवून बघितला, आणि ही खायची की छपराला घालायची, असं विचारलं. चटणी मात्र त्यांना आवडली. पुढं रोज सकाळी पेजेबरोबर त्या तीच घेत.

मुक्ता मऊ भात जेवली, पण माझ्या हातानं. सुनंदानं घास पुढं केला की ओठ घट्ट मिटायची. सुनंदानं तिच्यासाठी लाकडी बाहुली आणली होती, बिस्किटं आणली होती, झबलं शिवून ठेवलं होतं. मुक्तानं बिस्किटं खाल्ली आणि परत माझ्याकडे आली. ती हरवून गेलेल्या माणसासारखी आपल्या आईकडे बघायची, आणि सुनंदा जवळ आली की रडायची.

दोन दिवस असं चाललं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, खळ्यात बसलेलो असताना, सुनंदानं मला शांतपणे सांगितलं की तिचं ठरलं आहे. माझी रजा संपेपर्यंत मुक्ता तिच्याकडे आली नाही तर ती राजीनामा देणार आणि आमच्याबरोबर सोलापूरला येणार. मी म्हटलं, इतकी वर्षं वाट बघितलीस या नोकरीची. ती म्हणाली, वाट बघितली हे खरं, पण माझ्या पोरीला मी परकी झालेली मला बघवत नाही.

काकी तांदूळ पाखडत होत्या. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "तू तिच्या मागं लागू नको गो. सारखी आपली पुढं जातंस, ती भितीय. तू तुजं काम कर. तिला बगू दे तुला."

सुनंदा म्हणाली, काम म्हणजे डोंगर चढून सड्यावर चालत जाणं, तिथं मुक्ताला कोण आणणार?

काकींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हा हाय ना बांधून फिरनारा."

मिरकरवाडा

दुसऱ्या दिवशी सुनंदाची रत्नागिरीला बैठक होती. आम्हीही गेलो. ती बैठकीला गेली आणि मी मुक्ताला पाठीशी बांधून मिरकरवाड्याला मासळीचा लिलाव बघायला गेलो.

आमच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव मी पाहिला आहे, पण तिथं कांदा कुठं जात नाही. इथं सगळ्यांनाच घाई. ट्रॉलर धक्क्याला लागतात, टोपल्या बाहेर येतात, लाद्या फोडून त्यांवर बर्फ पडतो, तोवर बोली संपलेली असते. पाय ठेवीन तिथं पाणी आणि खवले. आई इथं असती तर नाकाला पदर लावून परत फिरली असती. मुक्ता मात्र माझ्या खांद्यावरून वाकून सगळं बघत होती, आणि तिला काही आवडलं की माझे केस ओढत होती.

एका ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत तीन बायका कोळंबी निवडत होत्या. होडीच्या दोन वाशांना जुन्या जाळ्याची झोळी बांधली होती, आत गोधडी, आणि तिच्यात एक तान्हं मूल. वारा येईल तशी झोळी आपोआप हलत होती. आमच्याकडे शेतात बाभळीला लुगड्याची झोळी टांगतात, पण वारा आरपार जाणारी झोळी मी पहिल्यांदाच पाहिली. मी जाळ्याला हात लावून बघत होतो तेव्हा त्या तिघींतली थोरली बाई मला बघून हसू लागली. आई कुठं, तिनं विचारलं. मी म्हटलं, कामावर.

"बरं हाय," ती म्हणाली. "आमचे बाप्ये व्हडी वढतील, जाळी वढतील, पन पोर पाटीला लावायचे नाय."

तिनंच मला बांगडे निवडून दिले, ताजे कसे ओळखायचे तेही दाखवलं. बांगड्यांची पिशवी बोटाला अडकवून मी धक्क्यावर उभा होतो. मुक्ताचं टोपडं डोळ्यांवर आलं होतं ते सारखं करायला हात मागं नेला, आणि तेवढ्यात वरून एक घार आली आणि पिशवीतला वरचा बांगडा उचलून गेली. मी दचकून मागं झालो, पाय घसरला, आणि बर्फाच्या ढिगावर बसता बसता वाचलो.

मुक्ता हसली. नुसती हसली नाही, खळखळून हसली. कोकणात आल्यापासून तिचं ते पहिलं हसू. ती हसते म्हणून कोळंबीवाल्या बायका हसल्या, त्या हसतात म्हणून मुक्ता आणखी हसली. या गलक्यात सुनंदा बैठक आटोपून कधी मागं येऊन उभी राहिली ते कळलं नाही. मुक्तानं हसता हसता तिच्याकडे पाहिलं. हसू थांबलं नाही. एवढंच झालं. सुनंदा पुढं झाली नाही, हातही पसरले नाहीत. काकींचं तिनं ऐकलं होतं. तिनं बांगड्यांची पिशवी माझ्या हातून घेतली आणि म्हणाली, आता ही मी सांभाळते.

सड्यावर

सडा म्हणजे काय हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला हवं. डोंगर चढून वर गेलं की माथा सपाट, मैलभर काळा-तांबडा जांभा दगड, वाळलेलं गवत, मधूनच काजू नि करवंदाची जाळी. सावली नाही म्हणावी इतकी थोडी. पलीकडच्या उतारांवर वाड्या आहेत आणि तिथल्या मुलांना लस टोचायला सुनंदाला सड्यावरून चालत जावं लागतं, खांद्याला लशीचा डबा अडकवून.

आम्ही तिच्याबरोबर जाऊ लागलो. पायवाट अरुंद, म्हणून ती पुढं, मी मागं, आणि माझ्या खांद्यावरून बघणारी मुक्ता. दिवसभर तिच्यापुढं तिच्या आईची पाठ असायची, वेणी असायची, डबा असायचा. वाडीत पोचलं की सुनंदा एखाद्या पडवीत बसायची. बायका मुलं घेऊन यायच्या. कुठल्याही रडणाऱ्या मुलाला ती मांडीवर घ्यायची, त्याच्याशी बोलत बोलत सुई टोचायची, मग दंड चोळत बसायची. मुक्ता डोळे न हलवता ते बघायची. माझ्या पाठीवर असताना ती सुनंदाला भीत नसे. मीही मग सुनंदाला निवांत बघत बसायचो. सोलापुरात मी तिला कधी काम करताना पाहिलं नव्हतं. वाड्यांतल्या बायका तिला ताई म्हणत होत्या आणि अशी काही दुखणी सांगत होत्या की मला उठून खळ्यात जावं लागे.

तिसऱ्या दिवशी आम्ही उतारावरच्या बौद्धवाडीत गेलो होतो. तिथल्या सुमनताईंचा नवरा मुंबईला गोदीत असतो. मुक्ताएवढीच त्यांची मुलगी आहे. लस झाल्यावर त्यांनी गुळाचा कोरा चहा आणि घावनं दिली. परत निघालो तेव्हा ऊन चढलं होतं. सडा अर्धा ओलांडला असेल, आणि जांभ्याच्या एका भोकात माझा पाय गेला.

मी पुढं, गुडघ्यांवर आणि हातांवर पडलो. मुक्ता पाठीवर होती म्हणून तिला काही झालं नाही, नुसती घाबरून रडायला लागली. माझा घोटा मात्र बघता बघता सुजला. सुनंदानं बूट काढला, हाडं चाचपली, मोडलं नाही म्हणाली, आणि डब्यातून पट्टी काढून घट्ट बांधली. मी उभा राहून बघितलं. काठी टेकून चालता येईल असं वाटलं, पण पोरीला घेऊन नाही.

सुनंदा माझ्या छातीवरची गाठ सोडू लागली.

"ती रडेल," मी म्हटलं.

"रडू दे," ती म्हणाली. "उन्हात बसवून तर ठेवता येणार नाही."

तिनं मुक्ताला उचललं. मुक्तानं अंग ताठ केलं, लाथा मारल्या, माझ्याकडे हात पसरून किंचाळली. मी तिला सुनंदाच्या पाठीवर धरलं आणि लुगडं घेतलं. बूड खाली, गुडघे वर. गाठ सुनंदानं स्वतः मारली. मग पोरीला सोनुली-राणी न करता, ती चालायला लागली. लशीचा डबा माझ्याजवळ राहिला.

मी दगडावर बसून त्या दोघींना लहान होत जाताना बघत होतो. सड्यावर आवाज लांबवर जातो. मुक्ताचं रडणं बराच वेळ ऐकू येत होतं. मग ते थांबलं, आणि थांबलं तेव्हा मी जास्त घाबरलो. सुमनताईंच्या दिरानं मला पडताना लांबून पाहिलं होतं. तो धावत काठी घेऊन आला. त्याच्या आधारानं मी डबा गळ्यात अडकवून निघालो.

एका काजूच्या झाडाखाली त्या थांबल्या होत्या. सुनंदाची पाठ माझ्याकडे होती. मुक्ता झोपलेली नव्हती. तिनं सुनंदाची वेणी एका मुठीत धरली होती आणि गाल तिच्या पाठीला टेकला होता. अजून हुंदके येत होते, पण मधेमधे. सुनंदा हळू आवाजात बोलत होती. हा काजू, ही करवंदाची जाळी, तो तिकडं समुद्र, तिथून मासळी येते, परवा घारीनं बाबांचा बांगडा नेला ना, असं काहीबाही. डुलत डुलत बोलत होती.

काठीचा आवाज तिला आला असावा. वळून न बघता तिनं हात मागं करून मला खूण केली, पुढं येऊ नकोस.

मी थांबलो. सुमनताईंच्या दिरालाही थांबवलं. ती निघाली तसे आम्ही बरंच अंतर ठेवून मागून गेलो. मुक्तानं मान वळवली असती तर मी दिसलो असतो. तिनं वळवली नाही. घर येईपर्यंत मी लंगडत होतो आणि माझे डोळे भरून येत होते, आणि तो बिचारा मुलगा मला धीर देत होता की भावजी, एवढं दुखत असेल तर टेका जरा.

त्यानंतर

एका दिवसात सगळं ठीक झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. त्या संध्याकाळी मुक्ता पुन्हा माझ्याच मांडीवर जेवली. पण माझा पाय खाटेवर होता, त्यामुळे तिला फिरायचं असेल तर सुनंदाशिवाय दुसरं कोणी नव्हतं. सकाळी सुनंदा लुगडं झटकून घडी घालायला लागली की मुक्ता रांगत तिथं जायची, काठ धरायची. पाठीवर ती राजी असे. पाठीवरून पुढं यायला आणखी दोन दिवस गेले. मग एका दुपारी काम आटोपून आल्यावर सुनंदानं गाठ सोडली, मुक्ताला खाली ठेवायला गेली, आणि मुक्ता खाली उतरेचना. तिच्या गळ्याला तशीच मिठी मारून राहिली. सुनंदा उंबऱ्यावर बसली ती दिवेलागणीपर्यंत उठली नाही. काकींनी म्हैस पिळली, भात टाकला, मला चहा दिला, आणि तिला कुणी हाक मारायची नाही असं मला बजावलं.

कामावर मूल नेलेलं चालेल का, ही सुनंदाची धास्ती होती. तिनं आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, लस वेळेवर पोचली पाहिजे, पाठीवर काय आहे ते मी बघायला येत नाही. वाड्यांवर तर उलटंच झालं. ताप येतो म्हणून लशीला नाही म्हणणाऱ्या बायका सुनंदाच्या पाठीवरच्या मुक्ताशी बोलायला म्हणून पडवीत येऊ लागल्या आणि मग बसू लागल्या. हिला दिलीस का तू ही लस, त्या विचारत. सुनंदा मुक्ताचा दंड दाखवायची. लांबच्या वाड्यांना जाताना, ऊन फार असेल तेव्हा, काकी मुक्ताला ठेवून घेणार आहेत. नातीला ठेवून घ्यायचे पैसे घेतात का, असं म्हणून त्यांनी तो विषयच काढू दिला नाही. राजीनाम्याचं नाव सुनंदानं पुन्हा घेतलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मी आता मिटक्या मारत बांगडा खातो. आईला अजून सांगितलेलं नाही.

निघताना

रजा संपली. पाय बरा झाला होता, थोडा दुखत होता. उन्हाळ्यात आईला घेऊन मी परत येणार आहे. तोवर मुक्ता तिकडं आणि मी इकडं. गेले काही महिने सुनंदा कशी राहिली असेल ते मला त्या सकाळी आवरताना कळायला लागलं. पिशवीत मुक्ताचं काहीच ठेवायचं नव्हतं.

फाट्यावर मला सोडायला दोघी आल्या. सुनंदाला पुढं वाडीवर जायचं होतं, म्हणून डबा खांद्याला आणि मुक्ता पाठीवर. मी मुक्ताच्या पायाला धरून निरोप घेतला. तिनं पाय सोडवून घेतला, गुदगुल्या झाल्या असाव्यात. गाडी आली. मी खिडकीशी बसलो. कंडक्टर खाली उतरून कुणाशी तरी बोलत होता, त्यामुळे गाडी उभीच होती.

सुनंदानं माझ्याकडे तोंड करून हात हलवला. पण ती माझ्याकडे वळली की मुक्ता पलीकडे जाई आणि मला दिसेना. मी खिडकीतून मान बाहेर काढून इकडून तिकडून बघायला लागलो. सुनंदाच्या ते लक्षात आलं. हात खाली घेऊन ती वळली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, म्हणजे मला मुक्ता दिसेल.

मुक्तानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रडली नाही. थोडा वेळ बघत राहिली आणि मग गाल आईच्या पाठीला टेकवून तिनं डोळे मिटले. गाडी सुरू होऊन वळणाआड जाईपर्यंत सुनंदा तशीच, माझ्याकडे पाठ करून, उभी होती.